दुनळी, कव्हर आणि मूठभर अक्षता

बंगळुरातल्या राजाजीनगरातलं हार्डवेअरचं दुकान मी स्वतःच्या हिमतीवर उभं केलं आहे. मला गंडवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मी गेल्या दसऱ्यापर्यंत छाती ठोकून सांगत असे. आता सांगत नाही. ती जन्माला आलेली आहे, पंचविशीची आहे आणि मला अंकल म्हणते.

शहराबाहेर येलहंक्याच्या पुढे पेरूची बाग घेतली, तेव्हा तिथे रानडुकरांचा सुळसुळाट होता. परवाना काढून मी एका कॉफी मळ्याच्या म्हाताऱ्या मालकाकडून जुनी विलायती दुनळी बंदूक घेतली. तीन दिवस घासाघीस केली. शेवटी तो म्हणाला, "घेऊन जा बाबा, पण मला दुपारचं झोपू दे." अक्रोडाचा दस्ता, कडेला कोरलेली वेलबुट्टी, आणि मिटताना असा भरीव आवाज, की तिजोरीचं दारच लावलं. तीस वर्षांत तिने कधी कुरकुर केली नाही.

पुढे बागेभोवती इमारती आल्या. डुकरं गेली आणि फ्लॅट विकणारे एजंट आले. त्यांच्यासाठी परवाना देत नाहीत.

कोरमंगल्यात राहणारा माझा जावई पुण्याचा. तो दर रविवारी म्हणायचा, "बाबा, ती म्युझियमला देऊन टाका. टेक्नॉलॉजी कुठल्या कुठे गेलीय." माझ्यावर त्याचा काही परिणाम झाला नसता. पण बंदुकांच्या दुकानात जुनी देऊन नवी मिळते असं कळलं, आणि अदलाबदल म्हटलं की माझे हात शिवशिवायला लागतात.

दुकान त्या पंचविशीतल्या मुलीचं, वडिलांच्या मागे तीच चालवते. मी तासभर कन्नडमध्ये माझ्या दुनळीचं गुणगान केलं. असं पोलाद आता होत नाही. हे लाकूड आता मिळत नाही. ही नातवापर्यंत चालेल, नवीन बंदूक फार तर वॉरंटीपर्यंत. ती मुलगी "सरी अंकल, सरी अंकल", म्हणजे बरं बरं, करत सगळं वहीत लिहून घेत होती. मला वाटलं, भोळी आहे. मग मी कॅनव्हासच्या जुन्या कव्हरचेही वेगळे पैसे लावले, आणि तिने ते मुकाट्याने दिले.

नवीन बंदूक काळीकुट्ट, हलकी, प्लास्टिकच्या दस्त्याची. नळीखालची मूठ मागेपुढे ओढली की पुढचं काडतूस वर येतं. बायको म्हणाली, "आपल्याच दुकानातला पाइप वाटतोय." मी चिडलो. चिडलो, कारण मलाही तसंच वाटत होतं.

मग खंडेनवमी आली. इथे सगळे आयुधपूजा म्हणतात. दुकानातला काटा, पाइप कापायचं मशीन, स्कूटर, सगळं धुऊनपुसून मांडलं आणि पाटावर मधोमध बंदूक ठेवली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, वर मूठभर अक्षता टाकल्या. दुनळीला मी हेच करायचो. दुसऱ्या दिवशी ती बिजागरीतून उघडून उलटी धरली आणि एक थाप मारली, की अक्षता खाली. फडकं फिरवलं की पूजा संपली.

नवीन बंदुकीत काडतूस नव्हतंच. अक्षता झाडायला तिची मूठ ओढली. ती अर्ध्यात आली आणि अडकली. पुढे जाईना, मागे येईना. आतून दळण दळल्यासारखा आवाज तेवढा आला.

मी तडक परवाना घेऊन त्या दुकानात गेलो आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "ही बंदूक म्हणायची? बदलून द्या!"

मुलीने ती शांतपणे उघडली. चिमट्याने एकेक दाणा काढून कागदावर ठेवला.

"अंकल, हे काय?"

"अक्षता."

"आणि हे लाल?"

"कुंकू. देवाचं आहे."

"देवाचं वॉरंटीत बसत नाही. स्वल्प तेल घालते, चालेल."

पण माझी नजर तिच्या मागे गेली होती. काचेच्या कपाटात माझी दुनळी उभी होती. माझं दुखणं तेलाने जाणारं नव्हतं. मला ती परत हवी होती, आणि तसं चेहऱ्यावर दिसू न देता मी म्हणालो, "अजून गेली नाही वाटतं? जुन्या मालाला कोण विचारणार! ही नवीन ठेवा आणि ते लोखंड देऊन टाका मला."

तिने वही उघडली.

"लोखंड कसं अंकल? असं पोलाद आता होत नाही."

"लाकडाला किती चरे पडलेत बघ."

"पण हे लाकूड आता मिळत नाही."

"अगं, किती दिवस चालणार ती?"

"नातवापर्यंत," ती म्हणाली. "आणि ही नवीन वॉरंटीपर्यंतच, म्हणून हिचे कमी धरावे लागतील."

आयुष्यात मी शेकडो व्यापाऱ्यांना खोटं पाडलंय. इथे खोटं पाडायचं तर मलाच पाडावं लागत होतं. दोनदा तणतणत बाहेर गेलो. दोन्ही वेळा तिने हाक मारली नाही. गिऱ्हाइकाला हाक न मारण्याची ही युक्तीही माझ्याच दुकानातली.

शेवटी तिने सांगितलेल्या किमतीला कबूल झालो. परवान्यावरच्या नोंदीसाठी पुन्हा हेलपाटे घातले आणि दुनळी न्यायला गेलो. निदान शेवटचा शब्द तरी आपला असावा, म्हणून म्हणालो, "कव्हर तरी फुकट घाल."

तिने वहीचं पान उलटलं. "कव्हर वेगळं आहे अंकल. तुम्हीच लावलं होतंत."

मी कव्हरचेही दिले.