मेमरी खाणारा आवाज

जुन्या जालन्यात आमच्या संघटनेची पत्रकं टाइप करून देणाऱ्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. की-बोर्डवर बोटं ठेवण्याआधी ते कॉम्प्युटरला "चल राजा" म्हणतात. त्यावरचा नवा टेक्स्ट एडिटर नुसता उघडायलाच निम्मी मेमरी गिळतो. साधी अक्षरं लिहायला एवढं कशाला लागतं? चालती मशीन भंगारात काढायला लावायचा हा धंदा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

परवा मोर्चाचं पत्रक अर्ध्यावर असताना एडिटर अडकला. संध्याकाळपर्यंत ते छापायला द्यायचं होतं. मी चिडून म्हणालो, "काका, वरून जोडलेली सगळी एक्स्टेन्शनं काढा."

"बराबर." त्यांनी रंगांचं काढलं, शब्द सुचवणारं काढलं. लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवणारं तेवढं ठेवलं.

"सगळ्यात जास्त मेमरी तर तेच खातंय."

"खाऊन राह्यलं तर खाऊ दे. दिवसभर माह्याशी दुसरं कोन बोलतंय?"

काकांनी एडिटर पुन्हा उघडला. अडखळत तो आवाज माझं पत्रक वाचू लागला, "बांधवांनो, आता घरात बसू नका." आणि काका प्रत्येक वाक्याला हुंकार देऊ लागले.