कुंदाताईंचे डोळे

कुंदाताईंचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते. हे मला ठाऊक होतं आणि आजवर मी ते कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या कुंदाताईंना तर नाहीच.

त्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी छापखान्यात होतो. मशीनच्या आवाजात ऐकू येईना म्हणून बाहेर आलो. "काका, आई गेली," त्यांची मुलगी पल्लवी एवढंच म्हणाली. किडनीचं दुखणं जुनं होतं, म्हणजे बातमी अगदीच अचानक नव्हती. मी आत परतलो, ओल्या शाईचा कागद हातात घेतला आणि सवयीनं आधी त्याचे कोपरे पाहिले. कागद कोपऱ्यापासून बघायचा, हे त्यांनीच शिकवलेलं. "मधात तं सारेच पायतेत गा," म्हणायच्या.

मसाले, फरसाण आणि संत्रा बर्फी विकणारी आमची कंपनी. धंतोलीतल्या ऑफिसात पाकिटं आणि खोकी डिझाइन करणारा छोटा विभाग होता. मी तिथं नवखा म्हणून लागलो तेव्हा कुंदाताई सगळ्यात जुन्या. मूळच्या रामटेकच्या, बोलणं अस्सल तिकडचं, आणि रंगांच्या बाबतीत कुणाच्या बापाचं न ऐकणाऱ्या. मी पहिल्यांदा बर्फीच्या खोक्यावर संत्रं काढलं ते त्यांनी बाजूला सारलं आणि डब्यातलं खरं संत्रं माझ्यासमोर ठेवलं. "नीट पाय. याच्यात हिरवा हाय का नाही? तुझं संत्रं नाही, झेंडा हाय." मग तेच संत्रं सोलून अर्धं मला दिलं. घरून कोथिंबिरीची सांबारवडी आणली की माझा वाटा वेगळ्या डब्यात यायचा, आणि डबा धुऊन परत दिला नाही की चार लोकांत उद्धार व्हायचा.

पण रंगाहून मोठी विद्या त्यांच्याकडे होती ती ऑफिसात टिकून राहण्याची. चित्र चांगलं असून भागत नाही, ते साहेबांच्या टेबलावरून जिवंत परत यायला लागतं. विक्री विभागाला मीटिंगच्या आदल्या दिवशी चहाच्या निमित्तानं काम दाखवून ठेवायचं, म्हणजे मीटिंगमध्ये ते आपलंच म्हणून त्याची बाजू घेतात. वाद घालायचा नाही, "करून पाहते" म्हणायचं. आणि या सगळ्याच्या वर होती ती तीट.

एकदा मी मसाल्याच्या पाकिटावर जीव ओतला आणि मोठ्या साहेबांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, त्याच्या चिंध्या केल्या. मी जेवलो नाही. कुंदाताई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "लेकराच्या गालाले माय तीट काहून लावते? पायणाऱ्याची नजर तिटेवर जाते, लेकरू वाचते. साहेबाले काहीतरी बदलल्याशिवाय जेवण जात नाही. तं आपण बदलाले एक जागा देऊन ठेवाची." त्यांच्या प्रत्येक डिझाइनमध्ये ती जागा असायची. सहज दिसेल आणि सहज काढता येईल अशी एक चूक. नाव उगीच बारीक, नाहीतर कोपऱ्यात एखादं नको ते फूल. साहेब ते बरोबर पकडायचे, खूश व्हायचे, आणि बाकीचं चित्र सहीसलामत बाहेर यायचं. हे गुपित त्यांनी ऑफिसात फक्त मला सांगितलं होतं.

एकदाच ते फसलं. संत्रा बर्फीच्या खोक्यावर त्यांनी तीट म्हणून एक खार बसवली, अगदी ओढूनताणून. मोठे साहेब चष्मा वर करून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, खार फार गोड आहे, तिच्या हातातही एक संत्रं द्या. ती खार आजही खोक्यावर आहे, लोक त्या बर्फीला खारवाली बर्फीच म्हणतात. कुंदाताई दुकानात खोकं दिसलं की तोंड फिरवायच्या. "लेकरू राहिलं बाजूले, तीटच मोठी झाली माझी," म्हणून पोट धरून हसायच्या.

मग मोठे साहेब घरी बसले आणि धाकटे साहेब आले. शिकून आलेले, हुशार, माणूस वाईट नाही. विभागाला प्रमुख नेमायचं त्यांच्या मनात होतं. हक्क कुंदाताईंचा होता, आणि मला ती प्रमुखाची केबिन हवी होती. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

एका दुपारी कँटीनबाहेर धाकट्या साहेबांनी मला गाठलं. "शिरीषभाऊ, मॅडमच्या प्रत्येक कामात एक ढोबळ चूक असतेच. इतका अनुभव, तरी असं काहून?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरंच समजून घ्यायचं होतं. तिटेचं सांगितलं असतं तर कदाचित हसले असते, कदाचित भडकले असते. काही नाही सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "आता नजर साथ देत नाही त्यांना."

बस्स, एवढंच. नंतर मी स्वतःला समजावत आलो की मी तर त्यांचं गुपित राखलं. गुपित राखायला गप्प राहिलं असतं तरी पुरलं असतं...

धाकट्या साहेबांनी जे केलं ते काळजीपोटीच केलं. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन दिली, ऑफिसात सगळ्यांना सांगितलं की मॅडमवर बारीक कामाचा भार टाकू नका. डॉक्टर म्हणाले डोळे ठीक आहेत, वयाप्रमाणे चष्म्याचा नंबर आहे. पण चारचौघे रोज सांभाळून घ्यायला लागले की माणूस डॉक्टरवर विश्वास ठेवत नाही. कुणी त्यांच्यासाठी दिवा लावायचं, कुणी अक्षर मोठं करून द्यायचं. आणि त्या तरी बोलणार काय? चुका मुद्दाम घालत होते, तुम्हाला पकडायला मिळाव्यात म्हणून, असं मालकाला कोण सांगेल? त्यांच्या वतीनं ते सांगू शकणारा एकच माणूस होता.

त्याच दिवसांत त्या माझ्या टेबलाशी आल्या. हातात एक पाकीट होतं, त्यात तीट नव्हती. मी शोधली, सापडली नाही. "शिरीष, तू माझं काम रोज पायतं. खरं सांग गा, माझी नजर गेली का?"

केबिन माझी झाल्याचं मला आदल्याच दिवशी कळलं होतं.

"वय होतंच ना ताई," मी म्हणालो.

कँटीनबाहेरचं वाक्य घाईत निसटलं होतं असं म्हणता येईल. हे निसटलं नव्हतं. त्यांनी मान हलवली, पाकीट उचललं आणि गेल्या. पुढं त्यांना कळमेश्वरच्या कारखान्यात, माल भरायच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या छपाईवर पाठवलं. जाताना छपाईचे ठिपके पाहायचं त्यांचं पितळी भिंग माझ्या टेबलावर ठेवलं. "तिथं खोक्यावर एकच रंग राहते. त्याले भिंग कायले लागते? तुझ्यापाशी राहू दे." आणि वर, "केबिनीत एसी लय थंड राहते म्हणे. स्वेटर आणत जाय." त्यात टोमणा होता की माया, मी कधी ठरवू शकलो नाही. बहुतेक दोन्ही होतं.

त्या निवृत्त झाल्यावर मी अधूनमधून इथल्याच इंदोऱ्यातल्या त्यांच्या घरी जायचो. शेवटचा गेलो तेव्हा त्या खाटेवर पडून होत्या, चष्मा उशाशी होता. समोरच्या भिंतीवर वाण्याकडून आलेलं कॅलेंडर. बोलता बोलता थांबल्या. "शिरीष, थे कॅलेंडर पाय. लाल सरकलं हाय." छपाईत लाल रंग रेषेबाहेर गेलाय, असं त्यांचं म्हणणं. मी पाहिलं. मला काही दिसलं नाही, तरी हो म्हणालो. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तुले दिसून राहिलं का खरंच?" मी पुन्हा कॅलेंडरकडे पाहू लागलो. त्या थोडं हसल्या आणि पल्लवीला चहा टाकायला सांगितला.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे स्मरणाच्या, कार्यक्रमाला गेलो तेव्हा खिशात भिंग घेऊन गेलो होतो, पल्लवीला परत द्यायचं म्हणून. लोक पांगल्यावर ती माझ्याजवळ बसली. आई पूर्वी दर रविवारी रामटेकच्या गडाची चित्रं काढायची, जलरंगात, हे तिनं मला सांगितलं. मला हे कधी माहीतच नव्हतं. "ऑफिसात डोळ्यांचं निघालं अन् आईनं ब्रश सोडला, काका. डोळेच नाही तं चित्र कायचं, म्हणायची." मग हळूच म्हणाली, "मीही दरवर्षी तपासून घेते. आईचं इतक्या लवकर सुरू झालं, तं मलेही होईन असं वाटते."

मी तिला म्हणालो, तपासून घेतलेलं बरंच.

ती आत गेल्यावर मी भिंतीशी उठून गेलो. कॅलेंडर तिथंच होतं, महिना मागचाच. भिंग टेकवून डोळा लावला. घरातल्यांना वाटलं असेल तारीख बघतोय. देवाच्या शेल्याचा काठ, त्याच्याबाहेर केसभर लाल सरकलेला होता. भिंगातून कसाबसा दिसणारा. खाटेवरून, चष्म्याशिवाय, त्यांनी तो पाहिला होता.

भिंग मी परत दिलं नाही. ते माझ्या खणात आहे आणि रोज वापरात आहे. हा लेख रविवारी छापून येईल, त्याच्या आत मला इंदोऱ्याला जायचं आहे, पल्लवीला हे माझ्या तोंडून कळावं म्हणून. कुंदाताईंनी मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं खरं उत्तर मी त्यांना देणं लागत होतो, ते त्या असेपर्यंत दिलं नाही. आता ते त्यांच्या मुलीला देणं लागतो.