डावी नळी

मोनप्पा मुलगी बघायला आला तेव्हा त्याने आधी मुलीच्या बापाची बंदूक बघितली होती. हे मुत्तव्वाने त्याला जन्मभर ऐकवलं. कॉफी, केळी, गरम भाकरी सगळं समोर तसंच पडलेलं, आणि हा गडी भिंतीवरची दुनळी उतरवून, उघडून, नळ्या खिडकीकडे धरून एक डोळा मिटून बसलेला! आणि वर म्हणतो काय, "मुलगी पसंत आहे, पण बंदुकीची फार आबाळ केलीत हो तुम्ही." मुत्तव्वा दाराआड उभी होती. तिला वाटलं, हा माणूस एक तर खुळा आहे, नाहीतर अगदी सरळ आहे. संसार सुरू झाल्यावर कळलं की तो दोन्ही आहे.

कॉफीच्या मळ्यावर देखरेख करायची, भाताची दोन खाचरं राखायची आणि उरलेल्या वेळात बंदुकीच्या नळ्या घासायच्या, हे मोनप्पाचं आयुष्य. मूलबाळ झालं नाही. कैलपोदचा सण जवळ आला, शस्त्रांची पूजा तोंडावर आली, की गावातले निम्मे लोक आपापली बंदूक घेऊन त्याच्या ओट्यावर. पावसाळाभर बंद राहून प्रत्येकीच्या पोटात गंज धरलेला. पैसे कुणाकडून घेतले नाहीत, पण बोलणी मात्र प्रत्येकाला फुकट मिळायची.

"हे काय घातलंस रे नळीत?"

"लोखंडी गज, मोनप्पाण्णा. तीन तुकड्यांचा आहे. आटे फिरवून जोडायचा."

"मग तो जोडून तुझ्या घशातही घालून बघ. जोड कुठे कुठे खरवडतो ते सांग मला."

त्याचा स्वतःचा दांडा शिसवीचा, एकाच लाकडातून काढलेला, टोकाला पितळी आटे. पितळेच्या तारांचे ब्रश दोन. एक नळीच्या मापाचा आणि दुसरा जरा जाड, तो फक्त मागच्या बाजूच्या काडतुसाच्या घरासाठी, कारण तिथे नळी रुंद असते. लहान ब्रश तिथे नुसता गुदगुल्या करतो, असं मोनप्पा म्हणायचा. शेवटी तेल लावायला लोकरीचा बोळा. आणि चिंध्या हव्यात त्या मुत्तव्वाच्या विरलेल्या सुती साड्यांच्याच. नवं कापड तेल धरत नाही. साडी नवी होती तोवर मुत्तव्वाची, विरली की बंदुकीची. एकदा तर दोरीवर वाळत घातलेली तिची बरी असलेली साडी ह्याने दोन बोटांत चोळून बघितली होती. "अजून दोन वर्षं," असं पुटपुटला. मुत्तव्वाने हातातला झाडू उगारला होता तेव्हा.

त्या वर्षी भर पावसाळ्यातला कक्कड महिना लागला, पाऊस कुणी मागे लागल्यासारखा कोसळत होता, आणि मुत्तव्वा अंथरुणाला खिळली. पाय सुजले, चार पावलं टाकली की धाप. विराजपेटच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, घरी न्या, आवडेल ते खायला घाला. एवढं बोलल्यावर कुणाला काय कळायचं राहतं? मुत्तव्वाला कळलं. मोनप्पाला कळलं नाही, म्हणजे त्याने कळून घेतलं नाही. रोज सकाळी विचारायचा, "आज बरं वाटतंय ना?" आणि उत्तर यायच्या आत "वाटतंयच" म्हणून उठून जायचा.

एके दिवशी ती म्हणाली, "अहो, बंदूक काढा."

"कशाला? रानडुक्कर आलंय?"

"नळ्या साफ करून ठेवा. माझ्यासाठी बार काढायला लागतील ना."

मोनप्पा भाकरी खात होता. घास हातातच राहिला.

ह्या मुलखात मुलगा जन्मला की घरातून एक बार निघतो आणि माणूस गेलं की लागोपाठ दोन. डोंगरापलीकडची घरं ते मोजतात आणि तसे कपडे घालून निघतात. पण लावणीपासून कैलपोदपर्यंत बंदूक पूर्वजांच्या दिव्याखाली ठेवलेली, जन्म-मृत्यू सोडता तिला हात लावायचा नाही. ठेवताना मोनप्पा दोन्ही नळ्यांत घट्ट ग्रीस भरून ठेवायचा. ते पुसल्याशिवाय बार काढायचा नाही. आणि पुसायला बंदूक बाहेर काढली, तर बघणाऱ्याला एकच समजणार, ह्या घरात कुणाची तरी वाट बघणं चाललंय.

"कैलपोदला करू की," मोनप्पा म्हणाला. "महिना-सव्वा महिना तर राहिलाय."

"माझ्याकडे असेल का तेवढा?"

"वाट्टेल ते बोलू नकोस."

"आणि माझं पालंगप्पाच्या बापासारखं झालं मग?"

पालंगप्पाच्या बापाची गोष्ट गावात कुणी विसरलेलं नाही. म्हातारा भर पावसाळ्यात गेला. बंदूक काढली तर डाव्या नळीत काडतुसाचं घर गंजून इतकं फुगलेलं की काडतूस आत जाईना. उजवीचा बार निघाला आणि पुढे नुसती खटपट. एकच बार ऐकून शेजारपाजारचे लोक हसत हसत गूळ-केळी घेऊन दारात हजर, "मुलगा झाला ना? कुणासारखा आहे?" आत म्हातारा पेटवलेल्या दिव्याशेजारी निजवलेला. अजूनही त्या घरातल्या पोरांना चिडवतात.

"मी गेले आणि लोक बाळ बघायला आले, तर मी उठून बसेन हां," मुत्तव्वा म्हणाली. तिला हसू आलं आणि हसता हसता धाप लागली. मोनप्पा पाणी घेऊन धावला. पाणी पाजलं, पाठ चोळली, बंदुकीचं नाव काढलं नाही.

पुढचे दिवस ती रोज विचारायची आणि तो रोज कुठेतरी निघून जायचा. खाचराचा बांध फुटलाय, मिरीच्या वेलांना बुरशी लागलीय, शेजारची म्हैस आत शिरलीय. एवढी कामं त्याला तरुणपणीही नव्हती. शेवटी मुत्तव्वाने नामी युक्ती काढली. पलीकडच्या घरातून पुतण्या, उत्तय्या, तिला बघायला आला होता. चाळिशीचा माणूस, हौशी, जे नवीन ते आधी ह्याच्या घरी. मोनप्पा ओट्यावर आहे हे बघून ती मोठ्याने म्हणाली, "उत्तय्या, तू बंगळुरूहून तो डबा आणलायस ना रे, मखमलीचा? गज, ब्रश, सगळं असलेला? घेऊन ये उद्या. आपल्या बंदुकीवरून फिरव जरा."

"आणतो की, थोरल्या आई. स्टीलचा आहे, एक नंबर."

ओट्यावरून मोनप्पा आत आला तो पायाला लागलेल्या जळवा झटकायच्याही आधी. "स्टील? माझ्या नळीत?"

"तुम्ही करत नाही म्हणून."

"कोण म्हणालं करत नाही?" तो पुतण्यावर खेकसला, "तू जा घरी. डबा तुझ्या मखमलीत गुंडाळून ठेव. नळीला स्टील लावणारा माणूस ह्या घराचा उंबरा ओलांडणार नाही."

उत्तय्या काकूकडे बघून हसत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मोनप्पाने पुढचं दार लावून घेतलं, कुणाला दिसू नये म्हणून, आणि तिच्या खाटेशेजारी गोणपाट अंथरून बसला. नळ्या दस्त्यापासून सोडवल्या. चिंधी कापायला लागला आणि थांबला.

"एवढी पुरेल?"

आजवर त्याने तिला असं कधी विचारलं नव्हतं. मुत्तव्वा उशीवर वर सरकली. "लहान आहे. हलकी जाईल, ग्रीस मागेच राहील. बोटभर मोठी घ्या."

त्याने मोठी घेतली. दांडा मागच्या बाजूने घालून सरळ पुढे काढला. उजव्या नळीतून काळं ग्रीस निघालं. मग दुसरी चिंधी, मग ब्रश. ब्रश तोंडातून पूर्ण बाहेर काढायचा, मध्येच मागे ओढायचा नाही. हे ती चाळीस वर्षं शेजारच्या खोलीतून ऐकत आली होती, पण बघत बसली नव्हती कधी. त्याच्या हाताला घाई नव्हती. बाहेर पाऊस, आत दांड्याची सरसर. तिला फार बरं वाटलं.

"आता जाड ब्रश," ती म्हणाली. "काडतुसाच्या घराला लहान लावाल तर फुकट."

"मला शिकवतेस?"

"तुमचंच ऐकून ऐकून कान किटले माझे."

उजवी नळी झाली. त्याने ती खिडकीकडे धरली, बघितलं आणि मग नळी तिच्या डोळ्यापुढे आणली. आत उजेडाची गोल वलयं, एकात एक, शेवटपर्यंत. मुत्तव्वा बघत राहिली. एवढं छान दिसतं आत, आणि ह्या माणसाने इतकी वर्षं एकट्याने बघितलं!

"आता डावी," ती म्हणाली.

मोनप्पा अवजारं पेटीत ठेवायला लागला.

"अहो, डावी राहिलीय."

"डावी कैलपोदला."

"हे काय आता?"

त्याने पेटीचं झाकण लावलं. तिच्याकडे न बघता म्हणाला, "एका नळीवर तुला जाता येणार नाही. लोक बाळ बघायला येतील. तोवर राहा गप." आणि मग त्याचा आवाज फाटला. "मला नाही जमत गं, मुत्तू. दोन्ही झाल्या म्हणजे झालंच, असं वाटतंय मला."

 लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं काही त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. तिने त्याचा ग्रीसने काळा झालेला हात धरला. तिच्या गोधडीला डाग पडला, तरी दोघांपैकी कुणी हात काढला नाही.

"बरं," ती म्हणाली. "राहू दे डावी."

त्यानंतर ती बंदुकीचं बोलली नाही. बांबूच्या कोंबांची आमटी मागितली, दोन घास खाल्ले. पण एक रात्र फार वाईट गेली. श्वास पुरेना, मोनप्पा तिला पाठीशी टेकवून उजाडेपर्यंत बसून राहिला. सकाळी तिला जरा डोळा लागला. जाग आली ती सरसर आवाजाने.

मोनप्पा गोणपाटावर बसून डावी नळी घासत होता.

ती पडूनच बघत राहिली. त्यालाही कळलं ती जागी आहे. त्याने जाड ब्रश काडतुसाच्या घरात फिरवला, पुन्हा फिरवला, चिंधी काढली, ती स्वच्छ निघाली तरी आणखी एक घातली. लोकरीच्या बोळ्याने पुसट तेल दिलं. नळ्या दस्त्याला बसवल्या, रिकामं काडतूस दोन्हीकडे घालून बघितलं. दोन्हीकडे अलगद बसलं.

"झालं," तो म्हणाला. "तुला रात्री तसं बघवेना. म्हटलं, माझ्यासाठी अडून राहायला नको तू."

"तुम्ही असल्यावर कोण अडतंय," ती म्हणाली. "या इकडे."

तो आला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग खाचराचं पाणी बघून येतो म्हणाला. आल्यावर ओट्यावर बसला, घोंगडी काढली, कॉफी मागितली. कामवाल्या बाईने कॉफी नेऊन ठेवली. मुत्तव्वा खोलीतून काहीतरी बोलत होती, आज पाऊस उघडेल असं काहीसं. उत्तर आलं नाही. "अहो, कॉफी निवते," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. मग तिने बाईला हाक मारली आणि बाई ओट्यावरून जोरात ओरडली.

उत्तय्या धावत आला. त्यांनी मोनप्पाला आत आणून निजवलं. मुत्तव्वाने हट्टाने स्वतःला उठवून घेतलं, भिंतीला धरून त्याच्या उशाशी जाऊन बसली. धाप लागली नाही तिला, किंवा लागली असेल तर तिला कळली नाही.

उत्तय्याने अंगणात उभं राहून बंदूक वर केली. उजवीचा बार निघाला आणि त्याच्या पाठोपाठ डावीचा, कणखर, स्वच्छ, समोरच्या डोंगरावरून दोन्ही परत आले.

थोड्याच वेळात पायवाटेवरून रडण्याचा आवाज यायला लागला. शेजारची तंगम्मा सगळ्यांच्या पुढे होती, पांढरी साडी नेसून, छाती बडवत. "मुत्तक्का गं! गेलीस गं शेवटी! मोनप्पाण्णाला एकटं टाकून गेलीस गं!" ती तशीच दारातून आत आली आणि मुत्तव्वाला बसलेली बघून तिचा हात छातीवरच राहिला. तिच्या मागे लोक दाटले. 

मुत्तव्वाने मोनप्पाच्या कपाळावरचे केस सारखे केले.

"मी नाही गं तंगम्मा," ती म्हणाली. "माझ्यासाठी घासल्या होत्या त्यांनी."