कावासाकीतले फौजी हीटर

किस्से कुठल्याही नोकरीत साठतातच. पण आमच्या ऑफिसात ते जरा जास्तच साठतात, कारण आमच्याकडे काहीतरी घडून जातं आणि नक्की काय घडलं हे कुणालाच कळत नाही. मग प्रत्येक जण आपापल्या परीने सांगत सुटतो. परवा इथे टोकियोत, फुनाबोरीला भिशीत कुणीतरी सहज विचारलं, "वैशाली, तू नक्की करतेस काय गं?" चहा गार झाला, भजी संपली, माझं उत्तर काही संपेना!

आधी धंदा सांगते. नवरा बँकेत, पोस्टिंग टोकियोला, घर ग्योतोकुला. मुलगी शाळेत जायला लागली आणि मला घर खायला उठलं, म्हणून कावासाकीच्या एका छोट्या ट्रेडिंग कंपनीत लागले. ही कंपनी परदेशी सैन्यांनी काढून टाकलेले जुने ट्रक आणते, दुरुस्त करते आणि उत्तरेकडे विकते, जिथे बर्फ माणसाच्या डोक्यावरून जातो. ट्रकबरोबर थंडीचा किट: डिझेलवर चालणारे हीटर, पाइप, धूर बाहेर सोडायची नळी आणि बॉनेटवर घालायचं जाडजूड पांघरूण. खोक्यांवर सगळं इंग्रजीत. ते जपानीत करायचं, हे माझं काम.

हे सगळं आईला फोनवर समजावून सांगितलं.

"म्हणजे लढाईचे ट्रक?"

"जुने गं. आता लढाई नाही."

"आणि त्यात हीटर?"

"हो."

"बरं बरं," आई म्हणाली. आता ती कोथरूडभर सांगते, "आमची वैशाली जपानला गीझर विकते!"

*

आमच्याकडे मालक मोरिता-सान, मेकॅनिक ओगावा-सान आणि भागीदार कंपनीच्या मुंबईतल्या हेड ऑफिसातून डेप्युटेशनवर आलेले साठे सर. साठे सरांची एक खासियत आहे. कुठल्याही प्रश्नाला ते सरळ हो किंवा नाही म्हणत नाहीत. हेड ऑफिसात इतकी वर्षं काढल्याचा परिणाम, असं ते स्वतःच सांगतात.

ट्रकच्या मागच्या भागात सैनिक बसतात, त्यांच्यासाठी जो हीटर असतो त्याला इंग्रजीत 'पर्सोनेल हीटर' म्हणतात. माझ्या सुट्टीच्या दिवशी कॅटलॉगचं काम साठे सरांनी केलं आणि 'पर्सोनेल'चं 'पर्सनल' झालं. इथे थंडीत लोक कपड्यांच्या आत चिकटवायच्या गरम पट्ट्या वापरतात. निईगाताच्या एका निवृत्त मास्तरांना वाटलं, हा त्यातलाच काहीतरी फौजी प्रकार असणार, म्हणजे दणकट असणार. त्यांनी मागवला.

आठवड्याने त्यांचा फोन आला. आवाज अत्यंत नम्र.

"आपलं पार्सल मिळालं. चार जणांनी मिळून उतरवलं. फार आभारी आहे. फक्त एक शंका आहे. हे पोटावर लावायचं की पाठीवर?"

फोन साठे सरांकडे होता. ते म्हणाले, "सर, इट डिपेंड्स."

*

साठे सरांना हसतेय, पण मीही काही कमी नाही. बॉनेटवरच्या पांघरुणाला जपानीत काय म्हणायचं, मला सुचेना. आपल्या गोधडीसारखं शिवलेलं, आत कापूस की काय ते भरलेलं, हिरवं. मी बिनधास्त लिहून टाकलं, 'फौजी फुतोन.' म्हणजे फौजी गादी-पांघरूण.

आओमोरीतल्या एका छोट्या लॉजच्या मालकाने दोन मागवले. मोरिता-सान खूश. "त्यांच्याकडे दोन ट्रक आहेत वाटतं!"

त्यांच्याकडे एकही ट्रक नव्हता. त्यांनी ती पांघरुणं पाहुण्यांच्या खोलीत घातली! रेडिएटरसाठी ठेवलेल्या झडपेतून पाय बाहेर काढायचे असतात, असा त्यांनी समज करून घेतला. मी फोनवर माफी मागू लागले. परत घेतो म्हटलं, चूक माझी म्हटलं. ते म्हणाले, "छे छे, पाहुण्यांना फार गाढ झोप लागते. मी वेगळंच विचारायला फोन केला होता."

"विचारा ना."

"याच्या जोडीची उशी येत नाही का?"

*

एकदा एक हीटर पार जळून गेला. भंगार उचलणाऱ्या कंपनीला फोन करायचा होता आणि ऑफिसात साठे सर एकटेच. जपानात कचरा म्हणजे काय प्रकरण असतं, हे इथे राहिलेल्याला सांगायला नको. वस्तू कुठल्या गटातली हे ठरल्याशिवाय तिला कुणी हात लावत नाही.

पलीकडच्या बाईंनी विचारलं, "विजेचं उपकरण आहे का?" नाही, डिझेलवर चालतं. "मग स्टोव्ह?" स्टोव्हसारखं, पण ट्रकमधलं. "मग ट्रकचा भाग?" ट्रकचा, पण काढता येतो. बाईंचा गोंधळ वाढत चालला. "ट्रक कुठल्या प्रकारचा?" सैन्याचा.

पलीकडून मग हळूच प्रश्न आला, "माफ करा, पण हे शस्त्र आहे का?"

साठे सर म्हणाले, "नॉट ॲट प्रेझेंट."

दुपारी दोन पोलीस आले. टोप्या काढून आत आले, हीटरला प्रदक्षिणा घातली, फोटो काढले, चहा घेतला, वाकून नमस्कार करून गेले. ते कशासाठी आले होते, हे त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही!

*

हीटर चालवून बघायचा तर आवाज होतो. थंड इंजिन गरम करायचा एक प्रकार आहे, तो तर असा घुमतो की खिडक्यांची तावदानं थरथरतात. म्हणून ओगावा-सान रोज सकाळी एकदाच, ठरलेल्या वेळी चालवतात. हे सुरू करण्याआधी मोरिता-सान मिठाईचे डबे घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे माफी मागून आले होते.

एका सोमवारी ओगावा-सान तापाने घरी होते. दहाच्या सुमाराला समोरच्या इमारतीतल्या बाई आल्या. तोंड पडलेलं. मोरिता-सान उठून वाकायलाच लागले, "रोज आवाजाचा त्रास होतो तुम्हाला, फार फार क्षमस्व..."

"आज झालाच नाही," बाई म्हणाल्या. "आमचे सासरे अजून झोपलेत!"

*

आता हा मागच्या हिवाळ्यातला.

उत्तरेला होक्काइदो बेटावर इशिदा-सान म्हणून एक गिऱ्हाईक. जंगलाकडेला त्यांचं कॅम्पिंगचं मैदान आहे. त्यांची अट एकच होती. मागचा हीटर खऱ्या बर्फात चालला तर ट्रक घेणार, नाहीतर परत. त्या सीझनला आधीच दोन ट्रक परत आले होते. मोरिता-सान मला म्हणाले होते, "गोखले-सान, हाही परत आला तर मी हा धंदा बंद करतो." म्हणजे माझी नोकरीही गेलीच. म्हणून ट्रक घेऊन जाणाऱ्या ओगावा-सानबरोबर माहिती समजावून सांगायला मीही निघाले.

बोटीतून उतरलो तेव्हा हवा बरी होती. ओगावा-साननी मागचा हीटर सुरू केला, ताडपत्री बांधली. तासाभरात वाऱ्याने असा काही बर्फ उडवला की रस्ता दिसेना. त्यातच आमच्या केबिनचा हीटर बंद पडला! वाटेत एका कोनबिनीपाशी, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानापाशी, थांबलो, गरम कॉफी घेतली, बोटं शेकली आणि परत निघालो. थोडं पुढे गेल्यावर माझे दात वाजायला लागले. ओगावा-सान म्हणाले, "जरा मागे जाऊन शेकून या. मी तोवर दिव्यांवरचा बर्फ काढतो."

मी मागे गेले, ताडपत्री वर केली आणि तशीच उभी राहिले.

आत बाकावर एक आजी बसल्या होत्या. बूट काढून भिंतीशी नीट जोडीने लावलेले. मोज्यातले पाय हीटरकडे केलेले. त्या संत्रं सोलत होत्या.

"या, या, लवकर आत या," आजी म्हणाल्या. "वारा येतोय."

मी चढले. बूट काढले. का काढले, मला माहीत नाही.

"तुम्ही कुठे उतरणार?" त्यांनी विचारलं.

"मी... शेवटपर्यंत."

"अगं बाई, लांब जायचंय तुम्हाला!" असं म्हणून त्यांनी अर्धं संत्रं माझ्या हातात दिलं. तेव्हा त्यांची बोटं दिसली. टोकं पांढरीफटक होती.

हळूहळू उलगडा झाला. आजी कोनबिनीसमोरच्या थांब्यावर बसची वाट बघत होत्या. बस येईना. तेवढ्यात एक मोठी हिरवी गाडी थांबली, मागून गरम हवा येत होती. बर्फ फार म्हणून आज बदली बस पाठवली असणार, असं वाटून त्या चढल्या. दुकानातल्या माणसाने हात देऊन चढवलं. त्याला वाटलं, त्या आमच्यापैकीच!

मी ओगावा-सानना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "मागे माणूस बसवायची परवानगी नाही, गोखले-सान! पोलिसांनी पाहिलं तर ट्रकच जाईल."

"मग उतरवायचं?"

त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सगळीकडे नुसतं पांढरं. केबिनमध्ये तर हाडं गोठत होती. मग त्यांनी टोपी काढली, मागे आले आणि आजींना वाकून विचारलं, "कुठला थांबा?"

"दवाखान्यासमोरचा. गुडघा दाखवायचाय."

मी आजींजवळ बसले, त्यांचे हात माझ्या हातात धरून. ट्रक पायी चालावं तसा चालला. हीटर मात्र एकदाही अडखळला नाही.

दवाखान्यातून नर्स धावत बाहेर आली. बस सकाळपासूनच बंद होती. आजींच्या घरी कुणी फोन उचलत नव्हतं, म्हणून दवाखान्यातल्यांनी पोलिसांनाही कळवलं होतं. नर्सने आजींची बोटं पाहिली आणि म्हणाली, "अजून थोडा वेळ त्या थांब्यावर..."  

आजी निवांत. "बस उशिरा आली," त्या म्हणाल्या, "पण गरम किती होती!" आणि त्यांनी ओगावा-सानच्या समोर ज्येष्ठ नागरिकांचा पास धरला.

ओगावा-साननी तो नीट पाहिला. मग खऱ्या बस ड्रायव्हरसारखे वाकून म्हणाले, "आभारी आहोत."

इशिदा-साननी ट्रक ठेवून घेतला.

काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला. मोरिता-साननी घाबरतच स्पीकर लावला. आम्ही सगळे टेबलाभोवती.

"हीटर बरा चाललाय ना?"

"उत्तम."

"आणि ट्रक?"

"ट्रकही उत्तम. पण एक विचारायचं होतं. दर बुधवारी मी त्या रस्त्याने सामान आणायला जातो. कोनबिनीच्या थांब्यावर एक आजी हात करतात. मला नाही म्हणवत नाही, म्हणून केबिनमध्ये घेतो, दवाखान्यापाशी सोडतो."

"हो... मग?" मोरिता-सान म्हणाले.

"मग काही नाही. पण या बुधवारी त्यांच्या मागे रांग होती."