मार्चच्या चौकोनात माझं नाव

साहेबांनी ऑफिसातल्या फळ्यावर मार्चपर्यंतच्या कामाचा तक्ता काढला होता. मार्चचा चौकोन तेवढा रिकामा होता. तेव्हा तपासणी असते, घरी जायला रोज उशीर होतो, म्हणून कुणी पुढे येईना.

"वैशालीला द्या ना साहेब," शेजारच्या टेबलावरच्या जोशीबाई म्हणाल्या. "तिचं कुठे घरी लेकरू रडतंय!"

सगळे हसले. मीही हसले. साहेबांनी माझं नाव लिहिलं.

मार्चमध्ये मला नववा महिना असेल. आई म्हणते, पहिले तीन महिने कुणाला सांगायचं नसतं. शिवाय नोकरीत कायम केल्याचं पत्र अजून यायचंय. आमच्या घरात शिकून खुर्चीवर बसलेली मी पहिलीच. ती खुर्ची देणाऱ्यांचे उपकार मी विसरत नाही. गुपित ठेवायचं म्हणजे नुसतं गप्प राहायचं, असं मला वाटलं होतं. पण गप्प राहणाऱ्याला सगळ्यांबरोबर हसावंही लागतं.

पोटातला जो जीव माझ्यासोबत तिथेच होता, तो नाहीच असं मी हसून मान्य केलं होतं. त्याची समजूत काढायला पोटावर हात ठेवावासा वाटला. पण सगळे समोर होते. मी हात टेबलावरच ठेवला.