मेलेल्या किड्यांनी फिरवलेली डोकी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडत आलोय. आमच्या अकोल्याच्या घरी जेवताना कुणी अंगात आल्याचा विषय काढला, तर मी ताटावरून उठत असे. तेव्हा हे वाचून कुणी ‘मास्तरही शेवटी त्यातलेच’ म्हणणार असेल, तर त्याने आधी पूर्ण वाचावं... मग खुशाल म्हणावं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. दुसरं महायुद्ध अजून पेटायचं होतं. मी अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे प्रॅक्टिकल घेणारा मास्तर, होतो. वरूडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी नामाजी नावाच्या गृहस्थांची संत्र्याची बाग होती आणि बागेमागे एक गुहा. वीस पावलांवर उजेड संपायचा. पुढे नुसती ओल, चिखल आणि वटवाघळांची घाण. तिथे एका दगडाखाली मला तो किडा सापडला.

कुंडी उचलली की खाली राखाडी, चपटा, चौदा पायांचा किडा पळताना दिसतो ना — इंग्रजीत त्याला वुडलाउस म्हणतात — हा त्याच्याच कुळातला. पण पांढराफटक, तांदळाच्या कणीएवढा, आणि डोळे नाहीत. डोळ्यांची खूणसुद्धा नाही. मिळतील तेवढी पुस्तकं चाळली, कुठेही नोंद नव्हती. जात नवी होती.

सात नमुने मी स्पिरिटमध्ये आणले. पण वर्णन पक्कं करायला पूर्ण वाढलेला नर लागतो, आणि माझ्याकडे सगळ्या माद्या. मला रजा मिळेना, म्हणून नामाजींना पत्र टाकलं, मी ठेवून आलेल्या बाटलीत जमल्यास आणखी काही पकडून ठेवा. एकट्याने आत जाऊ नका, हे लिहायचं मात्र राहिलं. ती चूक माझी.

मंगळवारची दुपार. तीनला प्रॅक्टिकल होतं. पावणेतीनच्या सुमारास मी चित्र काढायला ते सात किडे काचेच्या बशीत, स्पिरिटमध्ये ठेवले. भिंगाला डोळा लावला आणि थबकलो. सातही जणांची डोकी एकाच दिशेला, ईशान्येला. वाटलं, धक्का लागला असेल. सुईने विस्कटले. ते माझ्यादेखत, अगदी सावकाश, पुन्हा वळले. बशी फिरवली... पुन्हा तेच. खिडकी बंद होती, टेबल हलत नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी मेलेले प्राणी हो! दहाएक मिनिटांनी सगळं थांबलं. त्यानंतर विस्कटले की ते विस्कटलेलेच राहायचे. मी वेळ लिहून ठेवली आणि कुणाला काही बोललो नाही.

शुक्रवारी नामाजी संत्री घेऊन अमरावतीच्या बाजारात आले, तिथून थेट माझ्याकडे. हातात मी दिलेली बाटली — रिकामी. मंगळवारी जेवण करून ते एकटेच गुहेत गेले होते. काही किडे बाटलीत भरून आणखी बऱ्याच आत गेल्यावर पाय घसरला, कंदील फुटला आणि दिशाच कळेना. हाका मारल्या तर आवाज चारी बाजूंनी परत यायचा. शेवटी चिखलात हात टेकून बसले, तर हातावरून काहीतरी चालायला लागलं.

“एक नाई, मास्तर, शेकड्यानं. समदे एकाच बाजूले चालून राहिले होते. म्या मनलं, चाला बापा, अन् मांगं मांगं रांगत निंगालो. भाईर आलो तं मोर्शीची मोटर भोंगा वाजवून राहिली होती.”

ती मोटर वरूडला तीनला पोचते. आणि अमरावतीहून वरूड ईशान्येला आहे.

नामाजींनी बाटलीतले किडे गुहेच्या तोंडाशीच सोडून दिले होते. पुढच्या रविवारी मी स्वतः जाऊन एक नर आणला. नामाजी बाहेरच उभे राहिले.

निबंध लिहिला. जातीला नामाजींचं नाव दिलं आणि शेवटच्या परिच्छेदात मंगळवारची हकिकत, घड्याळातल्या वेळेसकट. छापण्याआधी तो तपासणाऱ्या कलकत्त्याच्या तज्ज्ञाने तो परिच्छेद खोडला. शेजारी लिहिलं, नेटिव्ह लोकांच्या भाबडेपणाला शास्त्रात जागा नाही. भाबडा, आणि मी! बरं, खोडलं ते खोडलं, नावही बदललं. ज्या जिल्हा अधिकाऱ्याने त्या गुहेचं तोंडही पाहिलं नव्हतं, त्या साहेबाचं नाव किड्याला लागलं. मी प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, छापून येतंय यातच समाधान माना. आणि मी मानलं. प्रूफावर सही केली. त्या तज्ज्ञाइतकाच मला माझा स्वतःचा संताप येतो.

छापील पानं घेऊन मी नामाजींकडे गेलो, माफी मागितली. त्यांनी चित्र बोटाने चाचपलं.

“नावाचं काय घेऊन बसले, मास्तर. म्या त्याईले बाटलीत भराले गेलतो, अन् त्याईनं मले घरी आणून सोडलं. तुमाले त्या सायबाचा राग येते. मले माहीच लाज वाटते.”



उष्णता, स्पिरिटमधला प्रवाह, लोहचुंबक... सगळं करून पाहिलं. पुन्हा एकदाही तसं घडलं नाही. योगायोग म्हणणाऱ्यांनी तो कसा, तेही सांगावं. नुसतं खोडू नये. मेलेला प्राणी स्पिरिटमध्ये आपणहून वळत नाही, हे मी अजूनही वर्गात शिकवतो. ते खरंच आहे. आणि ते सात वळले होते.