मशीनच्या तोंडाला कूलर

ऐन मे महिन्यात मी घरातला एकुलता एक कूलर बिटकॉइनच्या मशीनला लावला आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या सासऱ्यांना नुसत्या पंख्याखाली झोपवलं.

हे लिहून झालंच आहे, तर पुढचंही सांगतो. पुढचं याहून वाईट आहे.

मशीन म्हणजे बुटाच्या खोक्याएवढा लोखंडी डबा. पुढे एक पंखा, मागे एक पंखा, मध्ये तीन पाट्या आणि त्यांच्यावर शेकडो चिपा. चोवीस तास तो डबा कसली तरी गणितं सोडवतो आणि त्या बदल्यात नाण्याचा एक बारीकसा शिंतोडा माझ्या मोबाईलवर पडतो. आवाज पिठाच्या गिरणीचा, मागून येणारी हवा भट्टीची. मी तो जुनाच विकत घेतला होता आणि मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या स्टुलावर, देव बसवावा तसा बसवला होता.

हिवाळ्यात मी घरातला शहाणा माणूस होतो. मशीनमागे दोरी बांधली होती, त्यावर बायकोच्या ओल्या साड्या तासाभरात कडक वाळत. "बघ," मी म्हणायचो, "नफाच नफा." ती साड्या काढून घड्या घालायला लागायची. ती बँकेत असते, नफा म्हणजे काय ते तिला माझ्यापेक्षा जरा जास्त कळतं.

मग एप्रिल आला. नांदेडचं ऊन काय असतं ते नांदेडकराला सांगायला नको, आणि आमचं घर वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. मशीनला तीन चाली होत्या: लो, नॉर्मल, हाय. मोबाईलवर बोट दाबलं की चाल बदलायची. लोवर टाकली की ती वीजही कमी खायची, तापायचीही कमी आणि शिंतोडाही निम्मा. चिपांच्या तापमानाचा आकडा ऐंशीच्या आत असला की मी माणसात असायचो. नव्वदीकडे गेला की जेवण उतरायचं नाही.

अशात सासऱ्यांचं ऑपरेशन ठरलं. सासरे लातूरचे, वीज खात्यातले निवृत्त वायरमन. लेक म्हणाली, नांदेडला करू, दहा दिवस माझ्याकडे राहा. ते तयार झाले हेच नवल, कारण लेकीच्या घरी ते कधी दोन दिवसांच्या वर टिकले नव्हते. तिथं पाणी प्यायचं तरी त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. आणि मी पडलो जावई. इतक्या वर्षांत ते मला एक शब्द वाकडा बोलले नव्हते. भाजीत मीठ नसलं तरी मला म्हणायचे, "झकास हाय." बायकोला रजा मिळेना, म्हणून मी भोकरच्या कचेरीतून दहा दिवसांची रजा टाकली. अर्जात लिहिलं, सासऱ्यांच्या शुश्रूषेसाठी. साहेबांना फार कौतुक वाटलं.

डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं. वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, आणि मुख्य म्हणजे घाम डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. "गार खोलीत ठेवा. आतल्या जखमेला जंतू लागले तर डोळा जाईल," असं त्यांनी सरळ सांगितलं.

घरी येताच बायको म्हणाली, "ते भोंगाट दहा दिवस बंद ठेवा."

"बंद केली तर परत उठायची नाही ती. मागं लाइट गेली तेव्हा एक पाटी चार दिवस मेल्यासारखी पडली होती, आठवतं ना?"

"मशीन मरंल म्हणून माझ्या बापाला उकडून काढता का?"

"लोवर टाकतो. लोवर ती एकदम गरीब असते."

दोन दिवस ती गरीब राहिली. कूलर सासऱ्यांच्या उशाला, सासरे काळा चष्मा लावून पडलेले, मी वेळेवर थेंब घालतोय. तिसऱ्या दिवशी दुपारी मोबाईलवर आकडा लाल झाला. एक्याण्णव. लोवर असून! बाहेरचीच हवा तापलेली, मशीन बिचारी काय ओढणार? मी खिडकीला ओलं पोतं लावलं, दार उघडलं, दार लावलं, पुठ्ठ्याने वारा घातला. त्र्याण्णव. तेव्हा माझी नजर कूलरवर पडली.

सासऱ्यांना म्हणालो, "मामा, कूलरचा पंप बिघडलाय. मागच्या खोलीत नेऊन बघतो."

"इथंच उघडा की. मी सांगतो कसं करायचं ते."

"तुम्ही वाकायचं नाही."

"हाव, ते बी खरंच," म्हणाले आणि पडून राहिले.

मी कूलर ढकलत नेला आणि मशीनच्या तोंडाशी लावला, हातभर अंतरावर. दहा मिनिटांत आकडा ब्याऐंशी, मग शहात्तर. माझ्या डोळ्यात पाणी आलं, खरंच. बायको सहाला यायची. साडेपाचला मी कूलर परत नेला आणि पंप नीट झाल्याचं जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी बाराला पंप पुन्हा बिघडला. त्याच्या पुढच्या दिवशीही.

आता विचार करा, मी हे कुणाला सांगत होतो? ज्या माणसाने उभी हयात मोटारी, पंप आणि डीप्यांच्या आवाजात काढली त्याला. मध्ये एक विटेची भिंत, आणि पलीकडे पाणी गवतावर टपटप पडतंय ते सगळ्या घराला ऐकू येतंय. एकदा ते एवढंच म्हणाले, "आवाजावरनं तर चालू वाटायलाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पर आसंल बिघडलेला."

मी ओला पंचा त्यांच्या छातीवर टाकला आणि आकडा बघायला आत पळालो. आकडा बहात्तर होता. आणि इथं माझ्यातला हावरट जागा झाला. बहात्तर म्हणजे गाडी गारच आहे की! गार आहे तर लोवर कशाला? मी नॉर्मलवर टाकली. पंचाहत्तर. मग हायवर टाकली.

कूलरमध्ये आमच्या बोअरचं पाणी होतं. हे पाणी बादलीत दोन दिवस राहिलं तर बादलीला पांढरा थर चढतो. कूलर इतका जवळ की हवेबरोबर त्याचे बारीक तुषारही मशीन ओढत होती, तीन दिवस. आत पाट्यांवर खार बसत चालला होता आणि मी बाहेर खुशीत मांडी घालून बसलो होतो.

कूलर लावल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास मोबाईलवर एक पाटी दिसेनाशी झाली. नंतर दुसरी. आकडा सत्त्याण्णव. मी लोवर टाकायला बोट दाबलं, मशीन ऐकेना. पुन्हा दाबलं. आतून चट्ट असा आवाज आला, जळक्या रबराचा वास सुटला आणि घरातली लाइट गेली. मी धावत जाऊन एमसीबी वर केला, तो खटकन खाली. मशीनची पिन न काढताच पुन्हा वर केला. या वेळी मीटरजवळचा फ्यूजच उडाला. पंखा बंद, कूलर बंद. घरात एकाएकी इतकी शांतता झाली की कित्येक महिन्यांनी मला खाली रस्त्यावरची ऑटो ऐकू आली.

पुढच्या खोलीत आलो तर सासरे खाटेवर उठून बसलेले. चष्मा हातात. कपाळावरून घाम धारेनं उतरत होता आणि पंचानं ते तोंड पुसत होते.

"मामा, डोळा! डोळ्याला पंचा लावू नका!"

"न्हाई लावला," ते म्हणाले. मग पंचा खाली ठेवत, "लागला आसंल. कालपासनं पाणी यायलंय."

"कालपासून? मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही कामात होता."

डोळा लालभडक होता. त्या क्षणी मला मशीन आठवली नाही, हे माझ्या बाजूने बोलण्यासारखं एवढंच. दवाखान्यात फोन लावला, तिकडून म्हणाले, आत्ताच्या आत्ता आणा. मी ओला टॉवेल त्यांच्या डोक्यावर टाकला, चष्मा चढवला, हाताला धरून जिना उतरवला. ऑटोत गरम वारा तोंडावर आदळत होता. मी दोन्ही हातांनी त्यांच्या डोळ्यापुढे पुठ्ठा धरून बसलो, तोच, मशीनला वारा घालायचा. मनात एकच चाललं होतं, हा डोळा गेला तर बायकोला काय सांगू? पंप बिघडला होता म्हणून?

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मी दारात उभा. शेवटी म्हणाले, "जंतू आत गेलेले नाहीत. थोडक्यात वाचलात. थेंब बदलून देतो, दर तासाला घाला." मग माझ्याकडे वळून, "यांना एवढा घाम कसा? घरी कूलर नाही का?"

मी नव्या थेंबांची चिठ्ठी वाचायला लागलो.

"हाय की," सासरे खुर्चीतूनच म्हणाले. "पंप बिघडलाय."

डॉक्टर म्हणाले, दुरुस्त करून घ्या. मी मान हलवली. जमीन दुभंगावी असं वाटायला लागलं, पण दवाखान्याची फरशी पक्की होती.

घरी आलो. सासऱ्यांना वर बघायचीही मनाई, म्हणून ते जिन्यातल्या मीटरजवळ भिंतीला टेकून उभे राहिले आणि तोंडाने सांगत गेले. आधी मशीनची पिन काढा. मेन पाडा. कटआउट उपसा, फ्यूज त्यातच हाय. कोरडा हात ठेवा. तार घ्या, एकच पदर, दोन न्हाई. माझ्या हातून स्क्रू दोनदा खाली पडला. लाइट आली. मी कूलर ओढत आणून त्यांच्या उशाशी लावला, टाकी भरली, चालू केला. पाणी टपटपायला लागलं. त्यांनी ते ऐकलं, मान डोलावली.

मग मी खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. मशीन, लो, नॉर्मल, हाय, पंपाचं खोटं, सगळं. म्हणालो, "मामा, तुमचा डोळा गेला असता. मला बोला. काही तरी बोला. शिव्या द्या."

"जावयाला कोण शिव्या देतंय?"

"द्या. मी मागतोय."

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. काळ्या चष्म्यात मला माझंच तोंड दिसत होतं. मग म्हणाले, "एक सांगू का जावईबापू? तुम्ही पोरीला बघायला आला होता नं, त्याच दिवशी मी हिच्या आईला म्हणलं होतं, पोरगं अर्धवट हाय. पर नोकरी सरकारी होती, म्हणून गप बसलो."